अर्धे वकील आन् आमचा उचललेला बेल

औसा तालुक्यात राज्यघटनेवर माझ्याएवढं कुणी ऐकलेलं नसंल. हक्क म्हणा, कर्तव्य म्हणा, मला झोपेतून उठवून विचारा. झोपेतूनच उठवावं लागंल, कारण ऐकताना बी मी झोपलेलाच असायचो. यात सांगणाऱ्याची काई गलती न्हाई. सांगणारे व्हते आमच्या गावचे अर्धे वकील, आन् त्यांचा आवाज असा की बांधावरचा बैल मान वर करून बघायचा. पण मी पडलो पिठाच्या गिरणीवाला. गिरणीच्या घरघरीत ज्याला डुलकी लागतीय, त्याला घटनेत लागायला काय येळ लागतोय.

अर्ध्या वकिलांची पहिली वळख कुणालाबी यष्टीत व्हायची. औसा-लातूर गाडीत चढले की लोक खिडकी बघतात, हे शीट बघायचे. शीट फाटलेली दिसली की कोटाच्या खिशातून दाभण आन् सुतळी निघायची. शीटवर बसलेल्या माणसाला उठवायचे आन् भर गाडीत शिवत बसायचे. कंडक्टर म्हणायचा, "अप्पा, आधी तिकीट घ्या." हे म्हणायचे, "घेतो. आधी माझी मालमत्ता नीट करू दे. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण करणं हे नागरिकाचं कर्तव्य हाय. कलम एक्कावन्न अ." मी एकदा बाजूलाच बसलो व्हतो. मला उठा म्हणले तर मी आळसानं नुसता सरकलो. लातूर आलं, सगळी गाडी रिकामी झाली, आन् मी उठायला गेलो तर उठताच येईना. माझा पायजमा बी शीटला शिवून सरकारी मालमत्तेत जमा केल्ता. म्हणलं, "साहेब, सोडवा." तर म्हणतात कसे, "उसवायचं म्हंजी सरकारी शीट फाडायची. मी न्हाई फाडणार. तू पायजम्याकडून सोडव." त्या दिवशी मी लातूरचं सारं मार्केट पुढून छाती काढून आन् मागून पिशवी धरून फिरलो.

अर्धे वकील हे नाव लोकांनी ठिवलं, पण त्यांना त्याचा राग न्हवता. तरणेपणी नांदेडला वकिली शिकायला गेले, शेवटच्या वर्षाला अडकले, परत परत बसले, परत परत अडकले, मग वडील वारले आन् शेत बघायला माघारी आले. कुणी मोठेपणानं 'वकीलसाहेब' म्हणलं की लगेच हात वर करायचे. "अर्धा. उरलेला अर्धा नांदेडलाच राह्यला." कपाळाला इभूत, गळ्यात लिंग, अंगात तो काळा कोट. उन्हाळ्यात बी कोट. मी म्हणायचो, "अप्पा, निम्मे वकील हाव तर निम्माच कोट घाला की, एक बाही तरी मोकळी सुटंल." त्यावर ते माझ्याकडं असं बघायचे, जसं न्यायाधीश बिनकामाच्या साक्षीदाराकडं बघत असतील.

त्यांची खरी कचेरी म्हंजी माझी गिरणी. लाईट गेली की गिरणी बंद आन् अर्धे वकील सुरू. दळणाला आलेल्या बाया डबे सोडून जाऊ शकत न्हवत्या, कारण लाईट कवा येईल त्याचा भरोसा न्हाई आन् नंबर गेला तर परत शेवटून. अशी अडकलेली मंडळी त्यांना लई आवडायची. एकदा सांगत व्हते, "बायांनो, हक्क म्हंजी आपलं दळण. ते आपलंच हाय, कुणी उपकार करत न्हाई. कर्तव्य म्हंजी रांगेत उभं राहणं. आता राहिली मार्गदर्शक तत्त्वं. ती सरकारसाठी हायेत. लग्न जुळवताना सोयरे म्हणतात बघा, पोरीला पुढं शिकवू, कष्टाला लावणार न्हाई. तो शब्द. त्याच्यावर कोर्टात दावा लागत न्हाई. पण शब्द तर दिलाय का न्हाई चार माणसांत?"

मथुराबाई म्हणून एक म्हातारी, तिच्या तोंडाला कोण लागंल. ती गव्हाच्या डब्यावर बसून म्हणली, "मग अप्पा, माझ्या सासरच्यांनी बी मला मार्गदर्शक तत्त्वंच दिल्ती म्हणायची."

सगळ्या बाया हसल्या. अर्धे वकील हसले न्हाईत. म्हणले, "बरोबर बोललीस. परीक्षेत मी हे लिवलं न्हाई, म्हून नापास झालो."

त्या गिरणीत एक रिवाज व्हता, तो माझ्या बापाच्या टायमापासूनचा. मालकाचा डबा आला की तो पुढं. मालक म्हंजी गावचे मोठे. त्यांचं नाव गावात कुणी घेत न्हाई, मी बी घेत न्हाई. त्यांचा गडी डबा घिऊन आला की बाकीचे डबे आपोआप मागं सरकायचे, जसे डब्यांनाच भ्या वाटतंय. अर्ध्या वकिलांनी एकदा त्या डब्यावर हात ठिवला. म्हणले, "कलम चौदा. कायद्यापुढं सगळे समान. डबा मागं." गडी माझ्याकडं बघलालाय, मी पट्ट्याकडं बघलालाव. शेवटी डबा मागं गेला. बायांनी माझं लई कौतुक केलं, गुंडूभाऊ हिमतीचा निघाला म्हून. मी दिवे लागायच्या टायमाला मागल्या दारानं तोच डबा आत घिऊन पयल्यांदा दळून दिला, आन् वर मालकाच्या गड्याला चहा पाजला. समानतेचं असं हाय, पुढल्या दारानं आली तर मागल्या दाराची कडी बी लावावी लागती.

आता आमच्या गावचा दुसरा रिवाज सांगतो, ज्याच्यात मी सापडलो. आमच्या गावात निवडणूक व्हत न्हाई. म्हंजी सरकारच्या हिशोबानं व्हती, पण बिनविरोध. आदल्या आठवड्यात सगळ्या गड्यांना, म्हंजी बाप्यामाणसांना, महादेवाच्या देवळात बोलावतात. मालक नावं सांगतात. मग एक एक जण गाभाऱ्यात जातोय, पिंडीवरचं बेलाचं पान उचलतोय आन् बोलतोय, गावच्या शब्दाला आडवा बोलणार न्हाई. बेल उचलला की इषय संपला. कागदावरली सही फिरवलेली माणसं आमच्या गावात लई हायेत, पण बेल उचलून फिरलेला माणूस आजून कुणी दाखवावा. लेकरा-बाळांचं काय व्हईल, गुरं मरतील, ह्या भ्यानं माणूस जागचा हलत न्हाई.

त्या सालाला सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. देवळात मालकानं सगळ्यांवरून नजर फिरवली आन् माझ्यावर थांबवली. "गुंड्याची बायको. गुंड्या हसवतोय, बायको बोलत न्हाई. चांगलं चालंल." सगळे हसले, मी बी हसलो. मला वाटलं मानच मिळाला. गाभाऱ्यात गेलो, पान उचललं आन् बोललो, "मालक सांगतील तिथं माझं घर सही करंल." बाकीच्यांनी नुसतं गावाचा शब्द म्हणलं व्हतं. घर मी एकट्यानंच घातलं. जास्तीचं बोलायची माझी खोडच हाय.

घरी आलो तर आमची कौसल्या चुलीपुढं भाकरी थापत व्हती. म्हणलं, "उठ, सरपंच झालीस तू."

तिनं भाकरी उलटली. "मला कुणी विचारलं?"

"मी व्हतो की तिथं."

"तुम्ही सरपंच झालाव का मी?"

"तू. पण तकलीफ नको घिऊ, बघायचं सगळं मीच हाय."

ती काई बोलली न्हाई. मला वाटलं मालक बरोबर बोलले, बोलतच न्हाई.

अर्धे वकील दुसऱ्या दिवशी आले. मी हार घालायला मान पुढं केली. ते माझ्या बाजूनं निघून आत गेले, कौसल्याला हात जोडले आन् म्हणले, "नमस्कार सरपंच." ती गोंधळली, डोक्यावरचा पदर परत डोक्यावरच घेतला. मी म्हणलं, "अप्पा, मी बी हाय हितं." तर म्हणतात, "तू कोण? सरपंचाचा नवरा हे पद घटनेत न्हाई. मी उलटून पालटून बघितलंय." तवापासून ग्रामपंचायतीचं कुठलं बी बोलणं ते माझ्याशी करायचे न्हाईत. मी ऑफिसात सरपंचाच्या खुर्चीवर बसलेला दिसलो की दारात येऊन नुसते उभे राहायचे. बसा म्हणलं तर, "खुर्ची मोकळी झाली की बसतो." किती येळ माणूस उभा बघायचा. मीच उठून बाकड्यावर जाऊन बसायचो. असं व्हता व्हता त्या खुर्चीची मला सवयच लागंना.

सव्वीस जानेवारीला मी नवीन पांढरं धुतलेलं कापड घालून झेंड्यापाशी गेलो. गिरणीवाल्याला पांढरं शोभतंय, पीठ दिसत न्हाई. दोरीला हात घातला तर अर्ध्या वकिलांनी माझं मनगट धरलं. हळूच म्हणले, "राष्ट्रध्वजाचा आदर राखणं हे पयलं कर्तव्य हाय. त्यात दुसऱ्याच्या हक्काची दोरी सोडणं बी येतंय." कौसल्यानं दोरी वढली. झेंडा उघडला, फुलं नेमकी माझ्या डोक्यावर पडली. फुकटच्या फुलांवर समाधान मानून मी बाजूला झालो. पण त्या दिवशी शाळेतल्या पोरींनी तिच्याकडं कसं बघितलं, ते मी बघितलं. आन् मालकानं बी बघितलं.

मग जागेचं परकरण निघालं. आमच्या गावची अंगणवाडी देवळाच्या वसरीत भरती. भजन असलं की लेकरं बाहेर, कुणाची मयत असली की लेकरं बाहेर, पुजाऱ्याचं डोकं दुखलं तरी लेकरं बाहेर. रोडच्या कडंला एक जागा अंगणवाडीसाठी काढून ठिवलेली व्हती, बरीच वर्षं. आता रोड मोठा झाला, जागेला मोल आलं. मालकाच्या पोराला तिथं दुकानाचे गाळे काढायचे व्हते. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पायजे आन् त्याच्यावर सरपंचाची सही पायजे. मालकानं मला बैठकीत बोलावलं, बसायला सांगितलं. आजवर मला तिथं कवा बसायला सांगितलं न्हवतं. बसल्यावरच कळलं की आपलं काई खरं न्हाई.

"गुंड्या, बेल ध्यानात हाय?"

"हाय मालक."

"काय बोलला व्हतास?"

"माझं घर सही करंल."

"बास," मालक म्हणले. "चहा घिऊन जा."

तो चहा मला आजून गोड लागत न्हाई. घरी येऊन कौसल्याला सांगितलं. ती म्हणली, "आन् लेकरं?" म्हणलं, "लेकरं वसरीत हायेतच की." ती म्हणली, "तुमचा बाप गिरणीला जागा मागत दारोदार हिंडला व्हता, तवा त्याला कुणी वसरीत गिरणी टाक म्हणलं असतं तर भागलं असतं का?" आता ह्या बाईला माझ्या बापाचं कुणी सांगितलं? मीच सांगितलं असंल, जास्तीचं बोलताना. सही करायला लावली तर ही माझ्याशी बोलणार न्हाई, न्हाई लावली तर महादेव सोडणार न्हाई आन् मालक त्याच्याआधी धरंल. गिरणीत धान्याचं कसं व्हतंय ते मी जल्मभर बघितलं, पण दाण्याला इचारायचं कवा सुचलं न्हवतं.

गेलो अर्ध्या वकिलाकडं. ते शेतातल्या आखाड्यावर, खोपटापुढं बाजंवर बसले व्हते, कोट खुंटीला. कोटाबिगर ते लई बारके दिसायचे. म्हणलं, "अप्पा, येवढी कलमं हायेत. बेलातून सुटायचं एखादं सांगा."

त्यांनी खुंटीवरच्या कोटाकडं बघितलं. मला वाटलं आकडा आठवलालेत.

"गुंडू," मग म्हणले, "त्या दिवशी देवळात मी बी व्हतो."

"व्हतात की. माझ्या मागंच व्हतात."

"मग मी काय केलं?"

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी बी बेल उचलला व्हता. घटना तोंडपाठ असलेला हा माणूस, गाभाऱ्यात वाकून, गावाच्या शब्दाला आडवा बोलणार न्हाई म्हून पान उचलून आल्ता. मी म्हणलं, "अप्पा, तुम्ही का म्हून?"

"भ्यालो," ते म्हणले. "लेक नांदेडला दिलीय, बायको गेली. एकटा माणूस. गावाबाहेर पडलो तर माझ्या मातीला कोण येईल, हेच आलं डोक्यात. मतदानाचा हक्क, बोलण्याचा हक्क, सगळं माहीत व्हतं. मातीला चार माणसं मिळायचा हक्क कुठल्याच कलमात न्हाई रे."

"मग आता बेल सोडता येत न्हाई?"

"कोर्ट सोडवंल. कोर्ट म्हणंल हे पान म्हंजी काईच न्हाई. पण मी सोमवार धरणारा माणूस हाव. माझा हात उठंल का? तुझा उठंल का? श्रद्धा पाळायचा हक्क बी घटनेनंच दिलाय. त्या हक्कानं आपण दोघं आतून कडी लावून बसलाव." मग म्हणले, "आन् वाईट ह्याचंच वाटतंय की मुद्दा पंचेचाळीस कलमाचा हाय. सहा वर्षांच्या आतल्या लेकरांची काळजी सरकारनं घ्यावी. हे मार्गदर्शक तत्त्व. कोर्टात मागता येत न्हाई."

"मग मागायचं कुणाकडं?"

"खुर्चीत जो बसलाय त्याच्याकडं. गावाचं सरकार म्हंजी तुझी बायको. आन् तिचं तोंड तू बांधून आलास."

आमी दोन गडी संध्याकाळपतोर तसेच बाजंवर बसून राहिलो. एक कायदा शिकलेला, एक न्हाई, अडकलेले सारखेच. समानता म्हणत्यात ती मला त्या दिवशी कळली.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी अर्धे वकील गिरणीवर आले. लाईट गेली व्हती, बाया डब्यांवर बसल्या व्हत्या, पण ह्यांनी एक बी कलम काढलं न्हाई. कौसल्या आतून चहा घिऊन आली. कप देता देता तिनं विचारलं, "अप्पा, बेल कुणी कुणी उचलला?"

"सगळ्या गड्यांनी."

"बायांनी?"

"बायांना गाभाऱ्यात घेतच न्हाईत की. त्या दिवशी देवळाकडं बी येऊ दिलं न्हाई."

"मग माझ्या हातात पान न्हाई," ती म्हणली.

मी म्हणलं, "आगं पण मी घराचं बोललो व्हतो."

"तुम्ही बोललाव. पान तुमच्या हातात व्हतं, तुमच्याच गळ्यात राहील. माझ्यासाठी देवाला बोलायची मुखत्यारी मी कुणाला दिली न्हाई."

डब्यावरनं मथुराबाई म्हणली, "म्हंजी आमच्या बी हातात न्हाई."

अर्ध्या वकिलांनी कप खाली ठिवला. आमच्या गावानं बायांना इतकी वर्षं दाराबाहेर उभं केलं, आन् त्यामुळंच त्या मोकळ्या राहिल्या, हे त्या गिरणीत सगळ्यांच्या एकदमच ध्यानात आलं. अर्ध्या वकिलांना हसायला आलं. त्यांना हसताना मी पयल्यांदाच बघितलं. कोटाची बटणं हलत व्हती. मला मातुर हसायला आलं न्हाई. ह्या हिशोबानं मोकळं व्हायच्या यादीत माझं नाव कुठंच न्हवतं.

ग्रामसभा शाळेपुढं भरली. गडी एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, मधी जाजमाची पट्टी मोकळी. दरसाल बाया दोन-चार यायच्या, त्या दिवशी जाजम पुरंना. ग्रामसेवकानं ठराव वाचला. मालक पुढं खुर्चीत. कौसल्या उभी राह्यली. तिनं पदर खोचला. येवढंच म्हणली, "ती जागा लेकरांची हाय. मी सही करणार न्हाई."

ग्रामसेवकानं हातातल्या पेनाला टोपण लावलं.

मालक तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणले, "गुंड्या, तुझी बायको काय बोललालीय?"

आता बघा, माझं काम सोपं व्हतं. माझ्याकडं कुणी मत मागितलं न्हवतं. पण माझ्या पायांनी मला उभं केलं आन् तोंडानं सुरुवात केली. "मालक, बाईमाणूस हाय. एक दिवस द्या. घरी जाऊन समजावतो, उद्या सही हुतीय बघा." वर एक हसायचं बी बोललो, काय ते आता आठवत न्हाई. कुणी हसलं न्हाई. गावात पयल्यांदाच माझ्या बोलण्यावर कुणी हसलं न्हाई. कौसल्यानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई, त्यामुळं मला उभं राहावं का बसावं तेच कळंना.

तेवढ्यात गड्यांच्या बाजूनं अर्धे वकील उठले. मालक म्हणले, "अप्पा, बेल." त्यांनी मान हलवली, व्हय, ध्यानात हाय म्हून. तोंड उघडलं न्हाई. चप्पल हातात घेतली, मधली मोकळी पट्टी वलांडली आन् बायांच्या बाजूला जाऊन, मथुराबाईच्या मागं, मांडी घालून बसले. काळा कोट त्या रंगीत पदरांत लांबून बी दिसत व्हता. शब्दाला आडवे बोलले न्हाईत. बोललेच न्हाईत. ग्रामसेवक त्यांच्याकडं बघत बसला, ह्यांना कुठं मोजावं त्याला समजंना. त्यांच्या मागं आजून कुणी गडी गेला, असं सांगितलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. कुणी गेलं न्हाई. मी उभाच व्हतो, मला तर दोन पावलं जवळ व्हतं, मी बी गेलो न्हाई. मालकानं सभा तहकूब केली आन् उठले.

तवापासून जागा तशीच हाय. गाळे बी न्हाईत, अंगणवाडी बी न्हाई, बाभळी वाढल्यात. लेकरं वसरीतच. मालकाकडची माणसं दळण औशाला नेतात. ते मला बेल उचलून फिरलेला म्हणतात, आन् कौसल्याच्या बाजूची मंडळी मला मालकाचा माणूस म्हणतात. दोन्हीकडून शिव्या खाऊन मी गिरणी चालवतोय. म्हैस आटली तरी मी महादेवाकडं बघतो. ती दरसाल आटती, पण आता भ्या वाटतंय.

अर्ध्या वकिलांना पुढल्या उन्हाळ्यात लातूरला दवाखान्यात ठिवलं. मी डबा घिऊन जायचो. मी समोर बसलेला असलो तरी विचारायचे, "सरपंच काय म्हणतात?" मी म्हणायचो, "बरी हाय." तर, "ती न्हाई, त्या. बऱ्या हायेत म्हण." एकदा म्हणले, "त्या जागंला कुंपण घाला म्हणावं. कोर्टात जात न्हाई ते कलम, निदान शेरडं तरी आत जाऊ नयेत." लेक नांदेडहून येऊन बसली व्हती. तिनं विचारलं, "बाबा, काई पायजे का?" त्यांनी कोट मागितला. दवाखान्यात कोट घालू देत न्हाईत म्हणल्यावर छातीवर पांघरला. त्याच आठवड्यात गेले.

गावात आणलं. मला त्यांचं आखाड्यावरचं बोलणं आठवलालं, मातीला कोण येईल म्हून. मी तर मनात मोजून बी ठिवलं व्हतं की कमी पडले तर गिरणीवरचे हमाल बोलवू. पण सगळं गाव आलं. मालक आले. ज्यांचा डबा त्यांनी मागं सारला, तेच मालक बेलफुलं घिऊन पुढं झाले आन् म्हणले, "लई सरळ माणूस व्हता." कुणाच्या बी तोंडावर राग न्हवता. येवढ्याच भ्यानं तो माणूस गाभाऱ्यात वाकला व्हता. मला त्या गर्दीचाच राग आला. जित्या माणसाला येवढं आधी कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं.

लिंगायतांच्या रीतीनं बसवून माती दिली. मग दोन शब्द बोलायची पाळी आली, आन् गावानं सवयीनं माझ्याकडं बघितलं. हसवणारा म्हंजी बोलणारा, असं त्यांना वाटतंय. कौसल्या सरपंच म्हून पुढंच उभी व्हती. मी म्हणलं, "अप्पा गेले. त्यांनी आन् मी, आमी दोघांनी मिळून ह्या गावच्या लेकरांची जागा राखली."

कौसल्या तिथूनच, आवाज न वाढवता, म्हणली, "अप्पांनी तोंड न उघडता राखली. तुम्हाला बी त्या दिवशी नुसतं गप बसायचं व्हतं, तेवढं बी जमलं न्हाई. खाली बसा आता."